शांततेचा फुकट कार्यक्रम

केनियात, नैरोबीला, निवडणूक जवळ आली की सगळ्यात आधी दुकानातली पिठाची फळी रिकामी होते. तिथल्या रोजच्या जेवणातल्या उगालीचं (घट्ट शिजवलेल्या पिठाचं) मक्याचं पीठ पहिलं जातं. मग तांदूळ, तेल, मेणबत्त्या, दूध पावडर, मोबाइलची रिचार्ज कार्डं. २०१३ च्या फेब्रुवारीत आम्ही पार्कलँड्समध्ये राहत होतो. वस्ती बरीचशी भारतीय, त्यामुळे गव्हाच्या आट्यासाठीही पळापळ. रथसप्तमीचं हळदीकुंकू एका मराठी घरी होतं. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि त्याच दमात, "तुमचा सिलिंडर भरलेला आहे ना?" दोघीतिघींनी मुलांची मुंबईची तिकिटं काढून ठेवली होती. शाळेत कारण दिलं होतं, आजीला भेटायला जाणार. त्या महिन्यात पार्कलँड्समधल्या बऱ्याच मुलांना आजीची आठवण येत होती.

मतदान ४ मार्चला होतं.

आमच्या शेजारच्या गुजराती मासी या सगळ्यात अनुभवी. त्यांनी १ ऑगस्ट १९८२ चा दिवस पाहिलेला. हवाई दलातल्या काही जणांनी बंड केलं होतं. ते लगेच मोडलं, पण तेवढ्यात नैरोबीतली भारतीयांची दुकानं लुटली गेली. "बेटा, सरकार वाचलं," मासी म्हणायच्या, "आमच्या दुकानात बरणीसुद्धा वाचली नाही." त्यांच्या घरी पासपोर्ट, दागिने आणि औषधं यांची एक पिशवी दाराजवळच्या कपाटात कायम तयार असे. निवडणूक असो वा नसो.

पण २०१३ मधली भीती १९८२ ची नव्हती, २००७ ची होती. २७ डिसेंबर २००७ ला मतदान झालं. मोजणीत आधी विरोधी पक्षाचे, लुओ जमातीचे रायला ओडिंगा पुढे होते, मग आकडे फिरले. ३० तारखेच्या संध्याकाळी सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष, किकुयू जमातीचे म्वाई किबाकी विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि दिवेलागणीलाच स्टेट हाउसच्या आवारात त्यांचा शपथविधीही उरकला. एवढी घाई पाहून देशात जे पेटलं ते दोन महिने जळत राहिलं. ११०० हून अधिक माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ कियांबा इथलं एक चर्च, आत आसरा घेतलेल्या बायकामुलांसकट, पेटवून देण्यात आलं. शेवटी संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान मध्ये पडले आणि २८ फेब्रुवारी २००८ ला किबाकी व ओडिंगा यांनी सत्तावाटपाच्या करारावर सह्या केल्या. एक राष्ट्राध्यक्ष, एक पंतप्रधान. मेलेल्यांचं काय, ते चौकशी आयोगाकडे.

त्यानंतरची ही पहिलीच निवडणूक. त्यामुळे शहरभर शांततेचा बाजार भरला होता. फलकांवर शांतता, रेडिओवर शांतता, मोबाइलवर शांततेचे एसेमेस, चर्चमध्ये शांततेची प्रार्थना. आणि फुकट गाण्यांचे कार्यक्रम.

अशाच एका कार्यक्रमाला मला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढून नेलं. ती किसुमूकडची, लुओ. तिचा नवरा किकुयू. म्हणजे २००८ मध्ये एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन जमाती एका स्वयंपाकघरात. त्या जानेवारीत त्यांना धड तिच्या माहेरी जाता येईना, धड त्याच्या घरी. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी जावं की नाही अशी चुळबुळ करतेय हे पाहून ती म्हणाली, "तू इथे राहतेस, इथली भाजी खातेस. एक दुपार उन्हात उभी राहा की."

सांगलीला आईला फोनवर सांगितलं. "मोर्चा आहे का?"

"मोर्चा नाही गं, गाण्यांचा कार्यक्रम आहे. शांततेसाठी."

"फुकट आहे ना? मग शांतता कुठली असणार! पर्स नेऊ नकोस."

उहुरू पार्क शहराच्या मधोमध आहे. उतरती हिरवळ, खाली तळं, तळ्यात पायांनी चालवायच्या होड्या, आणि रविवारी चांगले कपडे घालून फोटो काढून घेणारी कुटुंबं. पण या मैदानाला गप्प बसायची सवय नाही. १९८९ मध्ये इथे ६० मजली टोलेजंग इमारत उभारायचा सत्ताधाऱ्यांचा बेत होता. पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई एकट्या पत्रं लिहीत सुटल्या, खासदारांनी त्यांची टिंगल केली, पण इमारत झाली नाही. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया याच मैदानाच्या एका कोपऱ्यात उपोषणाला बसल्या. पोलीस लाठ्या घेऊन आले तेव्हा त्यांच्यातल्या काही वृद्ध बायकांनी अंगावरचे कपडे उतरवले. आईचं उघडं अंग मुलाने पाहणं हा तिथे मोठा शाप. त्या कोपऱ्याला आजही फ्रीडम कॉर्नर म्हणतात. आणि २७ ऑगस्ट २०१० ला नवी राज्यघटना लागू झाली तीही याच हिरवळीवर.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. नैरोबी उंचावर, सतराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे वारा गार आणि ऊन मात्र कातडी सोलणारं. दाराशी पांढरे टी-शर्ट वाटत होते, छातीवर हातात हात घेतलेले पंजे. त्या अख्ख्या दुपारी मी पाहिलेली एकमेव धक्काबुक्की त्या शांततेच्या टी-शर्टांसाठी झाली. अर्थात, लोकांचंही खरं. निवडणुकीत प्रत्येक पक्ष टी-शर्ट, टोप्या, बायकांसाठी लेसो, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं कापड, वाटतो, आणि ते कपडे पुढची पाच वर्षं शेतावर, बांधकामावर अंगावर असतात. कापड ते कापड.

मंचावरचा निवेदक शेंगमध्ये बोलत होता. शेंग म्हणजे नैरोबीच्या पोरांची स्वाहिली-इंग्रजीची मिसळ. त्याने आधी पक्षाचे रंग घालून आलेल्यांना कपडे बदलायला लावले. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी अंगातला नारिंगी शर्ट काढून, उलटा करून, पुन्हा घातला. शिवणी बाहेर, खिसा आत. कुणी हसलं नाही. मग निवेदक ओरडला, "तुको पामोजा?" आपण एकत्र आहोत ना? आणि हिरवळीवरून उत्तर आलं, "पामोजा!"

मग गाणी. खरं सांगायचं तर मी गाण्यांसाठी गेले नव्हते आणि गाण्यांनीच पकडलं. आधी चर्चचा वृंद, मग रॅप करणारी पोरं, मग बेंगा. बेंगा हा व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या लुओ लोकांचा गिटारचा बाज. एक गिटार भराभर, पाण्याच्या थेंबांसारखी वाजत राहते आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलतात. माझ्या मैत्रिणीचा नवरा, एरवी बँकेतल्या माणसासारखा वागणारा (तो बँकेतच होता), त्या लुओ गाण्यावर असा काही नाचला की तिने तोंडाला हात लावला. त्यामागून किकुयू गाणं आलं, त्यावर ती नाचली. मग कालेंजिन, मग कांबा. प्रत्येक भाषेचं गाणं सुरू झालं की गर्दीतून कुठून तरी आरोळी उठायची आणि कळायचं, अच्छा, हे तिकडे आहेत. पाच वर्षांपूर्वी अशीच भाषा ऐकून, ओळखपत्रावरचं नाव वाचून, गाड्यांतून माणसं खाली ओढली होती. आता तीच ओळख लोक नाचत जाहीर करत होते. हे पाहून मला भरून आलं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

भाषणं आटोपशीर होती, कारण लोक ऐकेनात. एक बिशप, एक मौलवी, एक पगडीवाले शीख गृहस्थ. मग शपथ. निवेदकाने सगळ्यांना उजवा हात वर करायला सांगितला. मी शेजाऱ्यावर हात उचलणार नाही. मी कुणाचं घर जाळणार नाही. मी निकाल मान्य करीन. हजारो हात वर गेले. माझ्या बाजूला कागदाच्या पुड्यांत भाजके शेंगदाणे विकणारा एक मुलगा होता. दोन्ही हातांत टोपली, हात वर करणार कसा? तो मैत्रिणीकडे पाहून स्वाहिलीत काहीतरी पुटपुटला. ती हसली, मग हसायची थांबली. मी विचारलं काय म्हणाला. "म्हणतो, मी कधी उचलला होता?"

त्या एका वाक्याने माझी ती दुपार बदलली.

कारण खरंच, शपथ कुणाला देत होते? ज्यांची घरं जळली त्यांना. किबेरा झोपडपट्टीतल्या पत्र्याच्या घरांतून चालत आलेल्यांना. २००८ च्या त्या दिवसांत किबेरात सोलो-७ या नावाने रंगवणारा एक चित्रकार जळक्या भिंतींवर, दुकानांच्या दारांवर 'पीस वाँटेड अलाइव्ह' असं लिहीत फिरला होता. शांतता हवी आहे, जिवंत. मैत्रिणीने मला त्यातली काही अक्षरं दाखवली होती. त्या वस्तीला शांततेची महती कुणी मंचावरून सांगायची गरज नव्हती. ज्यांनी मोजणीत गोंधळ घातला, ज्यांनी दिवेलागणीला शपथविधी उरकला, ज्यांनी पैसे देऊन पोरं पाठवली, त्यांच्यातला कुणी त्या हिरवळीवर हात वर करून उभा नव्हता.

२००७ च्या हिंसेबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात ज्यांच्यावर आरोप होते त्यांत उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो ही दोन नावं होती. केन्याटा किकुयू, रुटो कालेंजिन. २००७ मध्ये दोघं विरुद्ध बाजूंना. २०१३ मध्ये एकाच आघाडीचे उमेदवार, एक राष्ट्राध्यक्षपदाचा, दुसरा उपाध्यक्षपदाचा. पुढे केन्याटांवरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घेतले गेले आणि रुटोंचा खटला एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला, ते वेगळं. पण २०१३ मध्ये एल्डोरेटकडच्या रिफ्ट व्हॅलीत किकुयू आणि कालेंजिन एकमेकांवर धावून गेले नाहीत, त्यात गाण्यांचा वाटा किती आणि दोन पुढारी एका गाडीत बसले त्याचा किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. माझ्या मते गाण्यांच्या वाट्याला फार येत नाही.

२४ फेब्रुवारीला त्याच उहुरू पार्कात प्रचंड प्रार्थनासभा झाली. तिथे केन्याटा, ओडिंगा आणि इतर उमेदवार आले, लोकांसमोर शांततेचं वचन देऊन गेले. मी ते टीव्हीवर पाहिलं. तारीख पाहून मात्र मला दुसरंच आठवलं. २४ फेब्रुवारी १९६५ ला याच शहरात, वेस्टलँड्समध्ये, पिओ गामा पिंटो यांना त्यांच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या होत्या. लहान मुलगी गाडीत मागे बसलेली. पिंटो मूळचे गोव्याचे, जन्म नैरोबीतला, १९२७ चा. शिक्षणासाठी भारतात आले, मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी केली, संपात उतरले, गोवामुक्तीच्या चळवळीत पडले, आणि पोर्तुगीज पकडतील म्हणून केनियाला परतले. तिथे इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात शिरले, तर १९५४ पासून काही वर्षं नजरकैद. स्वातंत्र्य मिळाल्यावर खासदार झाले आणि आपल्याच सरकारला विचारू लागले, की गोऱ्यांनी सोडलेल्या जमिनी कुणाच्या घशात चालल्यात. सदतीस वर्षांचे होते. स्वतंत्र केनियातली ती पहिली मोठी राजकीय हत्या मानतात.

आमच्या हळदीकुंकवात पिंटोंचं नाव कधी निघालं नाही. निघणार कसं? आपण तिथे राहतो, कमावतो, मुलांना चांगल्या शाळेत घालतो, आणि निवडणूक आली की म्हणतो, 'काही होऊ दे, पण शांततेत होऊ दे.' मीही तेच म्हणत होते. आमच्या तोंडी शांतता म्हणजे दुकानाचं शटर शाबूत, विमानतळाचा रस्ता मोकळा. कोण जिंकलं, मतं नीट मोजली का, हे कुणाला पडलेलं नव्हतं. मासींची पिशवी मला समजते, १९८२ नंतर ती कुणीही भरून ठेवील. पण शेंगदाणेवाल्या मुलाच्या शांततेत आणि आमच्या शांततेत फरक होता, आणि मंचावरून दोन्हींसाठी एकच घोषणा चालली होती.

शांतता करणारी माणसं केनियात नव्हती असं नाही, ती मंचावर नव्हती एवढंच. ईशान्येकडे, सोमालियाच्या सीमेजवळ, वजीर नावाचा कोरडा जिल्हा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सोमाली कुळांमध्ये खुनाखुनी चालली होती. देखा इब्राहिम अब्दी आणि तिच्यासारख्या काही बायकांनी सुरुवात बाजारातून केली. कुठल्याही कुळाची बाई कुठल्याही बाईकडून दूध-भाजी विकत घेईल, तिला कुणी अडवायचं नाही. त्यावर रोज लक्ष ठेवायला बायकांची समिती. मग तिथून वडीलधाऱ्यांपर्यंत, पोरांपर्यंत, सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत. २००८ च्या जानेवारीत नैरोबी पेटलेलं असताना हीच बाई निवृत्त लष्करी अधिकारी आणि राजदूतांच्या बरोबरीने एका हॉटेलात रोज सकाळी बैठका घेत होती. २०११ मध्ये ती मोटार अपघातात गेली. आपल्याकडे भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८४ च्या दंगलीनंतरच्या वर्षांत मोहल्ला समित्या बांधल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी जळली नाही, त्याची मला आठवण झाली. तेही असंच कंटाळवाणं काम. चहा, सतरंजी, कुणाच्या गटाराचं भांडण, कुणाच्या मिरवणुकीचा रस्ता. त्यावर गाणं कोण लिहिणार?

४ मार्चला पहाटेच्या अंधारात रांगा लागल्या. आमच्या इमारतीचा अस्कारी, म्हणजे रखवालदार, रात्रपाळी संपवून तसाच रांगेत गेला आणि दुपार उलटल्यावर करंगळी शाईत बुडवून आला. मतदार ओळखायची यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली, निकाल पाठवायची व्यवस्थाही कोलमडली. पडद्यावर बाद मतांचा आकडा भलताच फुगलेला दिसत होता. मग कळलं, संगणकाच्या चुकीने तो आठाने गुणला जात होता! ९ तारखेला निकाल लागला. केन्याटा ५०.०७ टक्के. विजयासाठी लागणाऱ्या पन्नास टक्क्यांच्या रेषेपेक्षा जेमतेम आठ हजारांवर मतं जास्त. ओडिंगा रस्त्यावर न जाता सर्वोच्च न्यायालयात गेले, ३० मार्चला न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, आणि त्यांनी तो निर्णय मान्य केला. देश मोठ्या प्रमाणावर शांत राहिला. 'ॲक्सेप्ट अँड मूव्ह ऑन' हे वाक्य तेव्हा सगळीकडे झालं. माझी मैत्रीण ते दात-ओठ खात म्हणायची. "आठाने गुणलं, पण मूव्ह ऑन. यंत्र बंद, पण मूव्ह ऑन. विचारलं की म्हणतात, तुला शांतता नको का?"

२०१७ मध्ये आम्ही पुण्याला परतलो होतो. मतदानाच्या तोंडावर, जुलैत, सरकारने केनियातल्या आशियाई समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. मासींचा फोन आला. "म्हणजे आता भांडणातही आम्हाला वाटा?" त्या निवडणुकीत मतदानाच्या थोडे दिवस आधी निवडणूक आयोगाच्या संगणक विभागातले वरिष्ठ अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा खून झाला. निकालानंतर किसुमूत पोलिसांच्या मारात सहा महिन्यांचं बाळ दगावलं. शांततेचे फलक तेव्हाही होतेच. मग १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या पीठाने, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडत होतं. मैत्रीण फोनवर रडत होती. तिचा उमेदवार, ओडिंगा, त्यामुळे जिंकला नव्हता, फेरनिवडणुकीवर तर त्याने बहिष्कारच टाकला. तरी ती रडत होती, कारण कुणीतरी आकडे तपासले होते.

२०२२ मध्ये निवडणूक आयोगाने प्रत्येक मतदान केंद्राच्या निकालाचा तक्ता, 'फॉर्म ३४-अ', थेट संकेतस्थळावर टाकला. ४६ हजारांवर केंद्रं, प्रत्येकाचा हाताने भरलेला, सह्या-शिक्क्यांचा कागद, कुणालाही पाहता येईल असा. मैत्रिणीच्या घरी तिचा नवरा, ती आणि शाळकरी मुलगी जेवणाच्या टेबलावर बसून आपल्या विभागाचे कागद उघडून बेरजा करत होते. रुटो ५०.४९, ओडिंगा ४८.८५. आयोगाच्या सातातल्या चार सदस्यांनी निकालाची जबाबदारी नाकारली, पुन्हा न्यायालय, पुन्हा निकाल कायम. ती हरली होती, तिचा नवराही. "पण आमची बेरीज जुळली," ती म्हणाली. त्या वर्षी उहुरू पार्क डागडुजीसाठी बंद होता.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकाविरुद्ध तिच्या वयाची पोरं रस्त्यावर उतरली, २५ तारखेला संसदेत घुसली, पोलिसांच्या गोळ्यांनी कितीतरी जण मेले, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. आम्हाला जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही, असं ही पोरं म्हणत होती. ७ जुलैला उहुरू पार्कातच मेलेल्यांच्या आठवणीसाठी गाण्यांचा कार्यक्रम झाला, तिथे ती गेली होती. घरी आल्यावर आईशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. तुमच्या वेळच्या शांततेच्या कार्यक्रमांत तुम्हाला झोपवायला गाणी लावली होती, असं ती म्हणाली. माझी मैत्रीण भडकली. "तू दोन वर्षांची होतीस, तुला घेऊन आम्ही कुठल्या आजीकडे जायचं ते कळत नव्हतं. पाच वर्षांनी त्या मैदानात तुझा बाप लुओ गाण्यावर चारचौघांत नाचला. ते झोपणं होतं का?"

हे सगळं तिने मला फोनवर सांगितलं आणि विचारलं, तू होतीस ना तिथे, तू सांग. मी म्हटलं, तुझी मुलगी बरोबर बोलतेय. आठवडाभर तिने माझा फोन घेतला नाही.